बेळगावचे मेथडिस्ट चर्च आणि आमची मराठी

सीमाभागात मराठी किती जुनी, असा प्रश्न निघाला की आम्ही शिलालेख दाखवतो, जमिनीचे जुने उतारे काढतो, शाळांची हजेरीपुस्तके उघडतो. तसे करणे योग्यच आहे. परंतु या पुराव्यांत बेळगावच्या मेथडिस्ट चर्चचा उल्लेख कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ‘ते ख्रिस्ती लोकांचे, आपला काय संबंध?’ अशी आमची समजूत. ही समजूत चुकीची तर आहेच, शिवाय मराठीचे नुकसान करणारी आहे.

आधी इतिहास पाहू. पेशवाई बुडाली आणि १८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८२० साली, लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बल्लारीहून बेळगावास आले व त्यांनी मिशनचे काम सुरू केले. पुढे विल्यम बेनन त्यांना येऊन मिळाले. बल्लारीकडे कन्नडवर काम भागत होते. बेळगावात मात्र पेठेत कानावर पडणाऱ्या भाषा दोन होत्या. लोकांशी बोलायचे तर कन्नडबरोबर मराठीही आली पाहिजे, हे या पाद्र्यांना लवकरच उमगले. उपदेश दोन्ही भाषांत होऊ लागला. मिशनने इंग्रजी शाळाही काढली. आजच्या बेनन स्मिथ हायस्कूलचे मूळ त्या शाळेत आहे. आमच्या खेड्यांतील कितीतरी मुले तेथे शिकून गेली, पण नावातले बेनन कोण, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

त्या वेळी हे काम मेथडिस्टांचे नव्हते. मेथडिस्ट हा पंथ अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांच्या प्रयत्नांतून उभा राहिला. ऑक्सफर्डमधील त्यांच्या मंडळींची शिस्तबद्ध, पद्धतशीर राहणी पाहून इतरांनी चेष्टेने दिलेले नाव पुढे पंथाला चिकटले. अमेरिकेतील मेथडिस्ट मुंबईस १८७० नंतर आले. १९०४ साली लंडन मिशनने बेळगावचे आपले काम त्यांच्या स्वाधीन केले आणि येथील मंडळी मेथडिस्ट झाली. पुढे १९८१ साली भारतातील मेथडिस्ट चर्च स्वायत्त झाले. म्हणजे कारभार आधी लंडनचा, मग अमेरिकेचा आणि अखेर येथील लोकांचा.

या मिशनच्या शाळेत शिकलेला एक मुलगा मराठी भाषेने कधीच विसरू नये असा आहे. बाबा पदमनजी मुळे यांचा जन्म १८३१ साली बेळगावातच झाला. याच वर्षी मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला, आणि पुढे त्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती बाबांनीच तयार केली. मुंबईस पुढील शिक्षण घेऊन, घरच्यांचा विरोध पत्करून, १८५४ साली त्यांनी बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. १८५७ साली त्यांचे ‘यमुनापर्यटन’ निघाले. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा एकच वर्ष झाले होते. हिंदू विधवांचे हाल सांगणारे हे पुस्तक मराठीतील पहिली कादंबरी मानले जाते. ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्रही मराठी गद्यातील महत्त्वाचे पुस्तक आहे.

मराठीतील पहिला कादंबरीकार बेळगावचा, हे आम्ही किती शाळांत सांगतो? पुण्यामुंबईच्या लेखकांच्या जयंत्या आम्ही साजऱ्या करतो. बाबा पदमनजींची जयंती कोणत्या गावात होते? त्यांचा धर्म बदलला म्हणून त्यांची मराठी आम्ही परकी मानली काय? फादर स्टीफन्स यांनी गोव्यात लिहिलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. ते मराठीचे भूषण म्हणून आम्ही मिरवतो. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांनाही आम्ही आपले म्हणतो. मग आमच्याच गावच्या माणसाला वेगळा न्याय का?

यावर कोणी म्हणेल की, मिशनरी धर्मप्रसारासाठी आले, त्यांना भाषेचे काय प्रेम? ते धर्मप्रसारासाठीच आले, हे उघड आहे आणि त्यांनीही ते लपवले नाही. धर्मांतराविषयी ज्याचे त्याने मत ठेवावे. परंतु शाळा, कोश, छापील पुस्तके यांचा लाभ पुढे सर्वांनाच झाला. हेतू कोणताही असो, झालेल्या कामाची नोंद ठेवणे हे इतिहासाचे काम आहे.

दुसरा मुद्दा आजचा आहे. भाषेचा प्रश्न म्हणजे एका धर्माचा प्रश्न, असा समज पसरू देणे आम्हास परवडणारे नाही. घरात मराठी बोलणारा, मराठीत प्रार्थना करणारा ख्रिस्ती शेजारी मराठीच आहे. आमच्या सभांना, साहित्य संमेलनांना त्याला अगत्याने बोलावले पाहिजे. तसेच एकाच मिशनच्या आवारात कन्नड आणि मराठी शेजारी शेजारी नांदल्या, हेही ध्यानात ठेवावे. आमचे मागणे मराठीसाठी आहे, कन्नडच्या विरोधात नाही, हे सांगायला याहून चांगले उदाहरण कोणते?

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या ठेवण्याची रीत आहे. जेथे अशा जुन्या मराठी नोंदी असतील, तेथे पाळकांची परवानगी घेऊन त्यांच्या नकला कराव्यात. वाळवी लागल्यावर हळहळून उपयोग नाही. ख्रिस्ती कुटुंबांतील जुनी भजनाची पुस्तके, पत्रे जपावीत. कबरस्तानातील मराठी अक्षरे पुसण्यापूर्वी उतरवून घ्यावीत. वाचनालयांनी ‘यमुनापर्यटन’ची एक तरी प्रत ठेवावी. आणि शिक्षकबंधूंनी व भगिनींनी वर्षातून एक तास बाबा पदमनजींसाठी द्यावा.

या कामाला सरकारी मंजुरी लागत नाही की मोठी वर्गणीही लागत नाही. येत्या सुटीत प्रत्येक गावातून दोन तरुण निघाले, तरी पुष्कळ होईल.