हक्क घराशी, मजूर वाटेवर

परदेशी वास्तव्य करणाऱ्या मराठी कुटुंबांची गाऱ्हाणी आता आपल्या ओळखीची झाली आहेत. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून बँकेत खाते उघडता येत नाही, खाते नाही म्हणून घर भाड्याने मिळत नाही आणि घर नाही म्हणून पत्ता नाही! प्रत्येक खिडकीवर आपण येथले नव्हे, याची नव्याने जाणीव करून दिली जाते. तथापि अशा माणसाला आपण परक्या देशात आहोत, हे निदान ठाऊक असते. तळोदा तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जाणाऱ्या आदिवासी मजुराला तेवढाही आधार नाही. तो आपल्याच देशात असतो आणि तरीही परका ठरतो.

ही सीमा फार जुनी नाही. १ मे १९६० रोजी दोन राज्ये अस्तित्वात आली, तेव्हा त्या वेळच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातील काही गावे गुजरातेत गेली. आजचा निझर-उच्छलचा परिसर तो हाच. नातीगोती, बाजार आणि बोली यांनी ही रेषा कधी मानली नाही; मानली ती दप्तरांनी. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यामुळे जिल्ह्याची कचेरी जवळ आली; परंतु हंगामात मजूर जेथे असतो, तेथून ती दूरच राहिली.

खेपेची किंमत

बारडोलीचा सहकारी साखर कारखाना १९५५ मधला. दक्षिण गुजरातेत पुढे अशा कारखान्यांचे जाळेच पसरले आणि खानदेशातील आदिवासींचे जथे तेथे जाऊ लागले. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी सत्तरच्या दशकातच या तोडणी कामगारांच्या स्थितीचा अभ्यास करून ती जगापुढे मांडली होती. व्यवस्थेचा सांगाडा तेव्हापासून फारसा बदललेला नाही. मुकादमाने हंगामापूर्वी उचल द्यायची, मजुराने ती तोडीतून फेडायची. एकाने ऊस तोडायचा आणि दुसऱ्याने मोळी बांधायची, अशा जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि मजुरी टनावर ठरते.

हा तपशील अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मासिक पगाराचा कारकून सरकारी कामासाठी रजा घेतो, तेव्हा त्याचा पगार सहसा बुडत नाही. कोयत्यातील एक जण रेशन दुकान, दवाखाना किंवा बँक यांच्या खेपेला गेला, तर दोघांची मजुरी अडते. ‘उद्या या’ हे दोन शब्द खिडकीमागच्या माणसाला फुकट पडतात. खिडकीपुढच्या कुटुंबाला मात्र ते एका दिवसाच्या कमाईला पडतात. साहजिकच मजूर हक्काची खेप टाळतो आणि मुकादमाकडून उधारीवर धान्य घेतो. हंगामाअखेर ती उधारी मजुरीतून वजा होते. न मिळालेला हक्क अशा रीतीने कर्जाचे रूप घेतो.

कागदावरील सोय

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेचा प्रारंभ ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या दोन जोड्यांपासून झाला, त्यांपैकी एक जोडी महाराष्ट्र आणि गुजरात हीच होती. अन्नसुरक्षा कायद्याचे धान्य परराज्यात घेता येते. कुटुंबाचा काही भाग गावी असेल, तर उरलेला वाटा तेथेही उचलता येतो. ही तरतूद मोलाची आहे. परंतु उसाने सोललेल्या बोटांचा ठसा यंत्राने ओळखला पाहिजे, दुकानात साठा हवा आणि पडावापासून दुकान चालण्याच्या अंतरावर हवे. शिवाय, राज्य सरकारच्या स्वतःच्या योजना सीमेवरच थांबतात.

मुलांचा प्रश्न याहून बिकट आहे. घरात भिली किंवा पावरी, गावच्या शाळेत मराठी आणि पडावाशेजारच्या शाळेत गुजराती, अशा तीन भाषांच्या फेऱ्यात सापडलेल्या मुलाला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेश मिळेलही. शिक्षण मिळेल काय? अनुसूचित जमातीचा दर्जा राज्यापुरता असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मुंबईच्या एका वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात स्पष्ट केले. त्यामुळे गावचा दाखला परराज्यातील सवलतीसाठी उपयोगी पडत नाही. मताधिकाराचेही तेच. २० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेचे मतदान झाले, ते ऐन ऊसतोडीच्या दिवसांत.

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. २०२० च्या संहितेत तो सामावून घेण्यात आला. दोहोंतही प्रवासखर्चाची तरतूद आहे. तथापि ज्याचे नाव कोणत्याच नोंदवहीत नाही, त्याला कलमाचा उपयोग काय? संविधानाच्या एकोणिसाव्या कलमाने देशभर फिरण्याचे आणि राहण्याचे स्वातंत्र्य दिले. शिधा, शाळा आणि मत मात्र आपण घराच्या उंबऱ्याशी बांधून ठेवले.

युरोपचा धडा

ही अडचण अटळ नव्हे. युरोपीय समुदायातील राष्ट्रांनी १९७१ मध्ये एक नियमावली केली आणि एका देशातील कामगाराने दुसऱ्या देशात भरलेला विमाकाळ निवृत्तिवेतनासाठी जोडून धरण्याची व्यवस्था लावली. भिन्न भाषांच्या, परस्परांशी दोन महायुद्धे लढलेल्या देशांना जे साधले, ते एकाच संविधानाखालील दोन शेजारी राज्यांना साधू नये, हे आश्चर्य आहे. देशातही केरळ राज्याने २०१७ पासून परप्रांतीय कामगारांसाठी आरोग्य विमा योजना सुरू केली.

उपाय खर्चिक नाहीत. किती कोयते कोठून आले, याचा हिशेब कारखान्याच्या यंत्रणेला लागतोच. तीच यादी दोन्ही सरकारांकडे गेली, तर पडावाजवळच्या दुकानाचा धान्यकोटा आधीच वाढवता येईल. आठवड्यातून एक दिवस, तोडीची वेळ संपल्यावर, मजुरांची बोली जाणणारा कर्मचारी पडावावर बसला, तर खेपा वाचतील. आईबापांबरोबर जावे लागू नये म्हणून मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहे उघडायची असतील, तर ती गाड्या भरण्यापूर्वी उघडली पाहिजेत. गाव रिकामे झाल्यावर नव्हे.

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता तळोद्यातून जातो. त्या रस्त्याने मजूर जातो, त्याचे श्रम जातात आणि पुढे साखर साऱ्या देशात जाते. साखरेला राज्याची सीमा अडवत नाही. ती पिकवणाऱ्याच्या हक्कांना तरी तिने का अडवावे?