अर्ध्या बळाचा नियम : व्यायामशाळेत पहिले पाऊल टाकणाऱ्यासाठी इतिहासाचा दाखला

१/ नववर्षाच्या पहिल्या आठवड्यात शहरोशहरीच्या व्यायामशाळा गजबजतात आणि होळी येईतो पुन्हा ओस पडू लागतात. याचे खापर नवशिक्याच्या आळसावर फोडले जाते. भारतीय व्यायामपरंपरेचा इतिहास पाहिला तर मूळ दोष वेगळाच दिसतो. तो आळसाचा कमी आणि उतावळेपणाचा अधिक आहे. #थ्रेड

२/ सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्यायामाचा स्पष्ट नियम आहे : माणसाने आपल्या बळाच्या निम्म्यानेच व्यायाम करावा; त्यापलीकडचा घातक ठरतो. वय, बळ, शरीर, देश, काळ आणि आहार पारखूनच मात्रा ठरवावी, असेही तेथे सांगितले आहे. शेजारी कोण किती उचलतो, ही कसोटी त्या यादीत नाही.

३/ अर्धे बळ ओळखावे कसे? ग्रंथाचे उत्तर अगदी व्यवहारी आहे. श्वास तोंडावाटे येऊ लागला की सीमा आली. ना घड्याळ, ना यंत्र. प्रत्येकाचे माप त्याच्याच देहात. अशक्त आणि सशक्त या दोघांनाही हा नियम सारखाच लागू पडतो, कारण निम्मे ज्याचे त्याचे वेगळे असते.

४/ वाग्भटाच्या अष्टांगहृदयात अतिव्यायामाला दिलेला दृष्टान्त विसरता येत नाही : बलाढ्य सिंह हत्तीला ओढत नेऊ पाहतो आणि त्या ओढण्यानेच नाश पावतो. हे वाचताना एक गोष्ट ध्यानात यावी. इशारा दुबळ्याला नसून स्वतःला सिंह समजणाऱ्याला आहे.

५/ बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' रचला. त्यातील मल्लविनोदात मल्लांची वय, बळ आणि कौशल्य पाहून प्रतवारी केली आहे. भार उचलणे, चालणे, पोहणे, खांबावरचे श्रम असे व्यायामाचे प्रकारही दिले आहेत. राजाश्रयाच्या मल्लांनाही सर्वांना एकच माप लावले जात नव्हते.

६/ हीच शिस्त महाराष्ट्राच्या तालमीत उतरली. नवा पोरगा आला की आधी हौद्याची माती खणायची, झाडलोट करायची, मग मोजके जोर आणि मोजक्या बैठका. डाव फार पुढे. बाहेरून पाहणाऱ्याला ही राबणूक वाटे. प्रत्यक्षात खणताना कंबर, खांदे आणि मनगट तयार होत. माती खणणे हाच पहिला धडा होता.

७/ या सर्वांमागे होती वस्तादाची नजर. कोणाचा गुडघा आत वळतो, कोण ताप लपवून आला आहे, हे तो पाही आणि आकडा वाढवायचा की नाही ते ठरवी. नवशिक्यावर लक्ष ठेवणे हे आखाड्यात वस्तादाचे मूळ कर्तव्य होते. आजच्या अनेक व्यायामशाळांत ती जादा शुल्काची सोय झाली आहे.

८/ मग घाई आली कोठून? १९०४-०५ मध्ये युजेन सँडो भारतात येऊन गेला. छायाचित्रे, पुस्तके आणि व्यायामसाधने यांच्या बळावर त्याने कमावलेला देह हा पाहण्याचा विषय केला. व्यायामप्रसारास त्याचा उपयोग झाला, हे खरेच. मात्र छायाचित्रात केवळ फळ दिसते. त्यामागची वर्षे दिसत नाहीत. आजच्या 'तीन महिन्यांत कायापालट' या जाहिराती त्याच वाटेवरच्या.

९/ याच्या उलट उदाहरण टिळकांचे. १८७३ साली डेक्कन कॉलेजात आलेल्या या कृश विद्यार्थ्याने पहिले वर्ष शरीर कमावण्यास वाहिले. परीक्षेत त्याचे मोलही मोजले. प्रत्येकाने परीक्षा बुडवावी, असा याचा अर्थ नव्हे. आरंभाचे माप महिन्यांचे नसून वर्षाचे असते, एवढाच बोध घ्यावा.

१०/ तालमीचे गोडवे गाताना तिची बंद दारेही आठवावीत. काही अपवाद सोडता लाल मातीत स्त्रियांना स्थान नव्हते. आजच्या व्यायामशाळेने ते दार उघडले, हा तिचा मोठा गुण. म्हणून प्रश्न जुने की नवे असा नाही. दार उघडले, पण दारात उभा राहणारा वस्ताद हरवला, हे दुखणे आहे.

११/ आधुनिक शास्त्रही जुन्या नियमाच्या जवळच येते. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद बरीचशी मज्जासंस्थेच्या सरावाची असते. स्नायूंच्या मानाने कंडरा सावकाश बळकट होतात. म्हणूनच 'आता जमते आहे' असे वाटू लागते, तोच काळ दुखापतीचा. सवय नसता केलेल्या अतिश्रमाने स्नायूपेशी फुटून मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना स्नायूबळाच्या व्यायामासाठी आठवड्यातून किमान दोन दिवस सांगते, रोज नव्हे.

१२/ तेव्हा नवशिक्याने पहिला महिना वजनापेक्षा नेम सांभाळावा : ठरलेले दिवस, हलका भार, निर्दोष हालचाल आणि 'अजून जमले असते' असे वाटत असतानाच थांबणे. व्यायामशाळेनेही वर्षाचे शुल्क घेताना त्या पहिल्या महिन्याची देखरेख आपली मानावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा यावेसे वाटेल इतकेच बळ आज खर्चावे. उरलेले निम्मे उद्यासाठी असते. (समाप्त)