उजवं कोणाचं?

इंटरनॅशनल सिटीत पत्ता सांगताना आपण चायना, फ्रान्स, पर्शिया असं क्लस्टरचं नाव सांगतो. नुसतं ‘उजवीकडे वळा’ म्हणून भागत नाही. कुठे तोंड करून उजवीकडे?

शरीररचनाशास्त्राने हा घोळ मिटवलाय: माणूस ताठ उभा, नजर समोर, हात बाजूला, तळवे पुढे. मग तो झोपला तरी उजवं म्हणजे त्याचंच उजवं. सीटी स्कॅनचं आडवं चित्र पायांकडून पाहिल्यासारखं असतं. म्हणून उजवीकडचं यकृत आपल्याला डावीकडे दिसतं.

आपल्याला हे नवं नाही. पूर्वेकडे तोंड केलं की उजवा हात दक्षिणेला; संस्कृतात ‘दक्षिण’ म्हणजे उजवाही. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला असतो तो म्हणूनच. अरबीतही उत्तर ‘शमाल’ आणि डावा ‘शिमाल’ एकाच धातूतले. इथला शमाल वारा तोच.

म्हणून सांगतो, व्हिडिओ कॉलवर आईबाबांची एक्स-रे फिल्म पाहताना बाजू अंदाजाने ठरवू नका. तिच्यावरचं ‘आर’ किंवा ‘एल’ बघा. ऑपरेशन असेल तर योग्य बाजूला खूण केलीय का, हे बेधडक विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीतही हा प्रश्न आहे. मग आपण का लाजायचं?