अर्जांतून उभी राहिलेली पलटण

पलटणीचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर रणांगण उभे राहते. महार पलटणीचा इतिहास मात्र आपण विनंतिअर्जांपासून वाचावा, असे माझे मत आहे.

कोरेगावच्या जयस्तंभावर ‘नाक’ या पदाने संपणारी अनेक नावे कोरलेली आहेत. १ जानेवारी १८१८ च्या त्या लढाईनंतरही मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई दीर्घकाळ होते. १८९० च्या दशकाच्या आरंभी ‘लढाऊ जातीं’च्या सिद्धांताचा आधार घेऊन त्यांची भरती बंद करण्यात आली. यात केवळ पगार आणि पेन्शन गेले असे नाही. गावात ज्यांना शाळेची पायरी चढता येत नव्हती, त्यांच्या मुलांना छावणीत शिक्षण मिळे. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांचे पुत्र भीमराव यांचा जन्म १८९१ मध्ये महूच्या छावणीत झाला. बंद झालेले दार कोणते होते, हे यावरून ध्यानी यावे.

१८९४ मध्ये निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी विनंतिपत्र सिद्ध केले. आपले पूर्वज मूळचे क्षत्रिय होते, असा त्यांचा दावा होता. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. त्यातील भर सरकारच्या न्यायबुद्धीवर आणि प्रजा म्हणून असलेल्या हक्कावर अधिक आहे. मराठी गद्याच्या अभ्यासक्रमात निबंधमालेला जागा मिळते. वलंगकरांच्या विनंतिपत्रालाही ती मिळायला हवी.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ मध्ये ‘१११ वी महार’ पलटण उभारली गेली. युद्ध सरले आणि १९२१ पर्यंत ती मोडलीही. गरजेपुरते बोलावणे, दुसरे काय! पुढे १९४१ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळात आले, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या आरंभीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

या मागणीने लढाऊ जातींची कल्पना मोडली नाही, उलट तिच्यातच जागा मागितली, असा आक्षेप घेता येईल. तो पूर्णतः खोटा नाही. परंतु दाराबाहेर ठेवलेल्या माणसाने आधी आत यावे की दाराची रचना बदलेपर्यंत थांबावे, हा प्रश्न आक्षेप घेणाऱ्याने स्वतःला विचारावा. स्वातंत्र्यानंतर या रेजिमेंटमध्ये सर्व समाजांतून भरती होऊ लागली. १९८७ मध्ये श्रीलंकेत मरणोत्तर परमवीरचक्र मिळवणारे मेजर रामास्वामी परमेश्वरन ८ महारचे अधिकारी होते.

रेजिमेंटचे नाव मात्र तेच राहिले. ते राहावे, असे मला वाटते. आपले मत अर्ज वाचून बनवा.