फी आषाढात, कापूस दिवाळीला



दरसाल जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या घरात दोन खर्च एकदम उभे राहतात. एक खत-निंदणाचा, दुसरा पोरांच्या कॉलेज प्रवेशाचा. जवळचा पैसा मातीत गेलेला असतो. सीतादही होऊन कापूस बाजारात जाईल तेव्हाच हातात रोकड येणार. कॉलेजची मुदत तोवर थांबत नाही. मग सावकाराचे दार.

आधी हिशेब मांडू. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये, संकरित ज्वारीला ३,६९९ रुपये. खाजगी अभियांत्रिकी कॉलेजची वर्षाची फी एक लाख धरली, तर त्यासाठी सव्वाबारा क्विंटल कापूस किंवा सत्तावीस क्विंटल ज्वारी लागते. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल कापूस धरा. म्हणजे तीन एकरांचे पीक एका पोराच्या फीला. यात बी-बियाणे, वेचाईची मजुरी वजा केलेली नाही आणि हमीभाव पुरता मिळाला असे मानले आहे. खोली, खाणावळ आणि एस.टी. वेगळी.

सरकारने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. त्याआधी ती निम्मी होती. मुलांना मात्र निम्मीवरच ठेवले. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्याला आणि खाजगी अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही.

दुखणे पुढेच आहे. माफीची रक्कम सरकारकडून उशिरा येते. कॉलेज म्हणते, आता तुम्ही भरा, अनुदान आले की परत करू. उशीर सरकारचा, अडचण कॉलेजची, आणि व्याज भरायचे शेतकऱ्याने! जी माफी आधी भरावी लागते, ती माफी नव्हे. ते बिनव्याजी कर्ज आहे, आणि ते आपण सरकारला देतो.

म्हणून जिल्हा बैठकीत या मागण्या ठराव म्हणून मांडाव्यात :

१. माफ झालेली फी कोणत्याही कॉलेजने प्रवेशाच्या वेळी मागू नये.
२. उरलेली फी डिसेंबर आणि मार्च अशा दोन हप्त्यांत घ्यावी.
३. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता कॉलेज सुरू होतानाच मिळावा.
४. मुलींप्रमाणे मुलांनाही पूर्ण माफी द्यावी.

ठराव होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातातले काम करू. उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला एप्रिल-मेमध्येच काढा, जूनमध्ये तहसीलीत रांग लागते. बँकेत चौकशी करा : चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागता येत नाही. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. देणगी घेऊन प्रवेश देण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानेच बंदी आहे. आधी फी भरायला लावली असेल, तर त्या पावतीची प्रत बैठकीला आणा. शंभर पावत्या टेबलावर पडल्या, की भाषणाची गरज उरत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. तिची वसतिगृहे घरोघरच्या मूठमूठ धान्यावर चालली. कुणब्याच्या घरात धान्य कधी असते आणि रोकड कधी, हे त्यांना ठाऊक होते. आजच्या शिक्षण खात्याला ते शिकवावे लागेल.