गोळी चुकते ती कोणामुळे?

एचआयव्हीबाधित रुग्ण औषधे नियमित घेत नाहीत, अशी तक्रार नित्य ऐकू येते. रुग्ण बेफिकीर, अडाणी ठरवला की व्यवस्था हात झटकायला मोकळी! हा निर्वाळा सोयीचा आहे, खरा नाही.

१ एप्रिल २००४ रोजी सरकारने ही औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. परंतु केंद्रापर्यंत जाण्यात बुडालेला रोज कोणी भरून देत नाही. मराठवाड्यातील ऊसतोड मजूर मुकादमाची उचल घेऊन महिनोन्‌महिने फडावर राहतो. त्याचे केंद्र मागे जिल्ह्याच्या गावी राहते. खोपीत चारचौघांदेखत गोळ्यांची डबी उघडावी, तर टोळीत बभ्रा होण्याचे भय.

आणि जो इमानाने केंद्रावर जातो, त्याचे काय? जुलै २०२२ मध्ये औषधांच्या तुटवड्याविरुद्ध रुग्णांना दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कचेरीत धरणे धरावे लागले. ते महिनाभराहून अधिक चालले. तेथे खंड कोणी पाडला? २०१७ च्या कायद्याने उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली खरी, पण ‘शक्य तितकी’ ही पळवाट ठेवून! विषाणू अशी सवलत देत नाही. वारंवार खंड पडला की तो औषधाला जुमानेनासा होतो.

तेव्हा रुग्णाला उपदेश पुरे झाला. औषधे एकदम तीन महिन्यांची द्या, फडाजवळच्या दवाखान्यात द्या आणि साठा संपल्यास जाब अधिकाऱ्याला विचारा. मजुरीच्या दराइतकाच हाही श्रमिकांच्या लढ्याचा प्रश्न आहे, हे कार्यकर्त्यांनी ओळखले पाहिजे.