हवेवरची मोटार आणि आईवरचा आरोप

मैत्रिणींनो, अमेरिकेत जुनी खेळणी जमवणाऱ्यांची एक मोठी जमात आहे. त्यातले बरेचसे आता साठीच्या घरातले पुरुष. कुणी नोकरीतून निवृत्त झालेले, कुणी नातवंडांचे आजोबा. पण लहानपणीच्या मोटारींचा विषय निघाला की ही मंडळी बघता बघता आठ-नऊ वर्षांची होतात. गाडी हट्ट करून कशी मिळवली, कशी पळवली, कुठे आपटली, सगळं तपशीलवार आठवतं. गोष्टीची सुरुवात प्रत्येकाची निराळी, शेवट मात्र पुष्कळांचा एकच असतो : पुढे आईनं ती टाकून दिली.

हा शेवट मला फार टोचला. म्हणून म्हटलं, या आठवड्यात लोणची-पापड जरा बाजूला ठेवू आणि या आरोपाकडे बघू.

ज्या गाडीमुळे मी या विषयाकडे वळले, तिचं नाव अमेरिकेतही आता फारसं कुणाला ठाऊक नाही. नाव मोठं भारदस्त आहे, ‘टर्बो टॉवर ऑफ पॉवर’, थोडक्यात टी. टी. पी. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरी केनर नावाची खेळण्यांची कंपनी होती, तिनं १९७०च्या दशकात ही शर्यतीची गाडी काढली. नावातला टॉवर काही शोभेचा नाही. खेळण्याचे भागच दोन. एक गाडी आणि दुसरा हा मनोरा, म्हणजे साध्या भाषेत हातपंप. सायकलीत हवा भरायचा पंप असतो ना, त्याचाच प्लास्टिकचा, जरा रुबाबदार भाऊ समजा. गाडीच्या पोटात एक चाक. पंप गाडीला जोडायचा आणि दांडा खालीवर करत सुटायचं. हवेचा झोत त्या चाकावर बसतो आणि ते भिंगरीसारखं फिरायला लागतं. जितका पंप मारावा तितका वेग वाढतो आणि तितका आवाजही चढतो. मग गाडी सोडून द्यायची. किल्ली नाही, स्प्रिंग नाही, बॅटरी नाही.

आता तुम्ही विचाराल, पंप काढल्यावर हवा गेली, मग गाडी पळते कशावर? शिवणाचं मशीन डोळ्यांसमोर आणा. पायडलवरचे पाय थांबले तरी मशीनचं मोठं चाक काही लगेच थांबत नाही. कापड वेळेवर धरलं नाही तर दोन टाके जास्तच पडतात. वजनदार चाकानं एकदा गती घेतली की ते ती सहजासहजी सोडत नाही. भोवऱ्याचंही तेच. या गाडीत हवेनं चाकाला गती दिली आणि चाकानं ती जमिनीला दिली, एवढाच हिशेब. हवा साठवून तिच्यावर इंजिन चालवणारी खेळणी वेगळी. टोरांटोच्या स्पिन मास्टर कंपनीचं १९९८ सालचं विमान तसं होतं. त्याच्या टाकीत पंपानं हवा दाबून भरायची आणि त्या हवेवर त्याचा पंखा फिरायचा. (हवेवरच्या खऱ्या मोटारीचं स्वप्नही आपण पाहिलेलं आहे बरं का. २००७ साली टाटा मोटर्सनं फ्रान्समधल्या गी नेग्र यांच्या एमडीआय कंपनीशी तसा करार केला होता. वर्तमानपत्रांतून किती गाजलं होतं ते! गाडी काही आपल्या दारात आली नाही. दाबून भरलेल्या हवेत पेट्रोलच्या मानानं फारच थोडी ताकद मावते, हे त्यातलं मोठं दुखणं.)

तर ही टी. टी. पी. ज्यांनी लहानपणी खेळली, त्यांना आठवतं काय? गाडीचा रंग, चाकांची संख्या, डब्यावरचं चित्र, हे असतंच. पण खरी आठवण हाताची आणि कानाची. दंड भरून येईपर्यंत पंप मारायचा, चाकाचा आवाज टिपेला जाईपर्यंत गाडी सोडायची नाही. तो धीर धरणं हाच खेळ! मग एका क्षणात ती सुटते आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आपटते. बटण दाबलं की चालणारं खेळणं मुलाला चार दिवसांत शिळं होतं. इथे गाडीत जो वेग आहे तो आपल्या दंडातून गेलेला आहे, हे मुलाला न सांगता कळतं. मी शाळेत लहान मुलांना शिकवते, त्यांचंही बघते. स्वतः दोरी गुंडाळून फिरवलेल्या भोवऱ्यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी किल्लीच्या गाडीवरून होत नाहीत.

मग इतकी मजेची गाडी विस्मरणात का गेली? माझ्या मते, दोन भाग हेच तिचं दुर्दैव. गाडी आहे आणि पंप हरवला, खेळ संपला. पंप आहे आणि गाडी पलंगाखाली गेली, तरी संपला. घरातल्या ज्या वस्तूचे दोन तुकडे एकत्र राहावे लागतात तिचं आयुष्य किती, हे आपल्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक! मिक्सरच्या भांड्यांची झाकणं आठवा. शिवाय घरातच मोठ्या बहिणी होत्या. याच केनरनं १९७० साली ‘सुपर सॉनिक पॉवर’ नावाच्या गाड्या आणल्या होत्या. मधोमध एक मोठं चाक, आणि दात्यांची प्लास्टिकची पट्टी त्यात खुपसून सर्रकन ओढली की गाडी सुसाट. त्या अफाट खपल्या. ती पट्टी भावंडांना फटके मारायला कशी वापरली, याचे किस्से तर ही मंडळी अजून रंगवून सांगतात. त्यातच मॅटेल कंपनीच्या ‘हॉट व्हील्स’ १९६८ पासून बाजारात होत्या, मुठीत मावणाऱ्या आणि स्वस्त. या गर्दीत आमची पंपवाली मागेच राहिली.

केनरबद्दल आणखी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुलांना वेग विकणाऱ्या या कंपनीनं त्याआधी, १९६३ साली, मुलींना विकली ती भट्टी! ‘ईझी बेक ओव्हन’. आत शंभर-शंभर वॉटचे दोन साधे दिवे, त्यांच्या उष्णतेवर इवलासा केक खरोखर भाजून निघायचा. भावानं पळायचं आणि बहिणीनं भाजायचं, ही वाटणी सातासमुद्रापलीकडेही आपल्यासारखीच की हो! दुसरी गोष्ट १९७७ सालची. ‘स्टार वॉर्स’ चित्रपट तुफान चालला, पण नाताळपर्यंत त्यातल्या बाहुल्या तयारच झाल्या नव्हत्या. तेव्हा केनरनं चक्क पुठ्ठ्याचं पाकीट विकलं. आत एक चित्र आणि एक कूपन. कूपन पाठवा, चार बाहुल्या पुढच्या वर्षी टपालानं येतील. लोकांनी तेही घेतलं. ते पुठ्ठे ज्यांच्याकडे राहिले, त्यांना आज जमवणारे शोधत येतात. कंपनी स्वतः मात्र १९९१ साली हॅसब्रोच्या पोटात गेली आणि सिनसिनाटीचं तिचं कार्यालय २००० साली बंद झालं. गाडीचा पंप बिघडला तर ज्यांना पत्र लिहावं, तेही उरले नाहीत.

आता आईकडे वळू.

ही गाडी घरात आली तेव्हा ती काही दुर्मीळ वस्तू नव्हती. दुकानात मिळणारं प्लास्टिकचं खेळणं होतं, तेही कर्कश आवाज करणारं आणि भिंतीचा रंग उडवणारं. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला, त्याचं लक्ष उडालं. पंप गळायला लागला. मग घर बदललं, धाकटं भावंड आलं, खोली मोकळी करायची वेळ आली. त्या वेळी मुलगा घरात नव्हता, किंवा होता आणि त्यानं ‘टाक’ म्हणून मानही हलवली होती. ते चाळीस वर्षांनी कुणाच्या लक्षात राहतं? लक्षात राहते ती आई, हातात खोकं घेऊन दाराबाहेर जाणारी. वडिलांनी टाकलं असं फार क्वचित ऐकू येतं. यात वडिलांचं पुण्य किती आणि माळ्यावर चढण्याचा त्यांचा आळस किती, हे तुम्हीच ठरवा.

आणि एक विचारते. सगळ्या आयांनी सगळी खेळणी जपून ठेवली असती तर? मग ती गाडी घरोघरी असती, आणि ती शोधत बाजार पालथा घालायला कुणी गेलंच नसतं. आज तिला जे मोल आलं, ते टाकणाऱ्या आयांच्या कृपेनं आलं. हे त्या आजोबांना कुणीतरी सांगायला हवं.

पण मैत्रिणींनो, वकिली इथपर्यंतच. एका बाबतीत त्यांचं दुखणं मला खरं वाटतं. वस्तू गेली याचं त्यांना जेवढं वाटतं, त्याहून जास्त वाटतं ते विचारलं नाही याचं. मूल शाळेत गेलेलं असताना आपण आवराआवर करतो, कारण ते घरात असलं की प्रत्येक चिंधीला कवटाळून बसतं. आपली सोय होते, पण त्याला संध्याकाळी कळतं की आपल्या वस्तूचा निकाल परस्पर लागला. मुलींच्या वाट्याला तर हे जास्तच येतं. मुलाची क्रिकेटची बॅट तो हॉस्टेलला गेला तरी दारामागे उभी असते. मुलीची बाहुली ती दहावीला गेली की शेजारच्या छकुलीला. भातुकली तेवढी बहुधा टिकते, आणि तीही पितळेची असली तर. पुण्यात भातुकलीच्या संग्रहाची प्रदर्शनं भरतात, तिथे आज्या नातींना हात धरून दाखवत असतात की असा बंब आमच्याकडे होता. प्लास्टिकला तेवढी प्रतिष्ठा अजून मिळालेली नाही. तिला वेळ लागेल.

दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये सगळं ठेवता येत नाही, हे मी जाणते. प्रत्येक मुलाला एक खोकं द्यावं. त्यात काय राहील ते त्यानं ठरवावं. खोकं भरलं की नवं ठेवायच्या आधी जुनं काढायचं, तेही त्यानंच. माझा अनुभव असा, की आपल्याला जे मौल्यवान वाटतं ते मुलं खुशाल काढून टाकतात आणि एखादं तुटकं चाक मात्र सोडत नाहीत. सोडू नये. त्यालाच ठाऊक, ते कशाचं आहे.

आता ठेवायचं कसं, तेही सांगते, कारण प्लास्टिक नुसतं ठेवून टिकत नाही. प्रथम बॅटऱ्या काढा. आतल्या आत पाझरल्या की पत्रे खाऊन टाकतात. रबरी किंवा मऊ प्लास्टिकच्या चाकांची गाडी कडक प्लास्टिकला चिकटून ठेवू नका. मऊ प्लास्टिकमधलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि कडक प्लास्टिकवर वितळल्यासारखे खड्डे पाडतं. मध्ये धुतलेल्या सुती धोतराचा किंवा जुन्या साडीचा तुकडा घाला. वर्तमानपत्र नको, शाई उमटते. हवाबंद पिशवीही नको. ऊन लागेल अशा जागी ठेवलं तर पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं. पुसायला साबणाचं कोमट पाणी पुरे, पण चिकटवलेल्या चित्रांवर पाणी जाऊ देऊ नका, आणि चंदेरी मुलाम्याला घासू नका, तो निघतो. नखांचं पॉलिश काढायचं द्रव्य किंवा थिनर तर चुकूनही लावू नका, प्लास्टिक विरघळतं.

पंपाचं खेळणं असेल तर आणखी एक. पूर्वी पंपाच्या स्टोव्हचा चामड्याचा वायसर सुकला की आपण त्याला तेलाचे दोन थेंब देत असू आणि पंप पुन्हा जोर धरत असे. चामड्याला ते चालतं. रबरी वायसर असेल तर मात्र तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, रबर फुगून बिघडतं. त्याला सिलिकॉनचं ग्रीस मिळतं, ते नखाएवढं पुरतं.

आणि डांबराच्या गोळ्या! कपड्यांच्या सवयीनं आपण त्या प्रत्येक खोक्यात टाकतो. त्यांच्या वाफेनं काही प्रकारचं कडक प्लास्टिक मऊ पडून चिकट होतं. कसर लागू नये म्हणून ठेवलेली गोळी बाहुलीच्या गालाला चिकटून बसते ती कायमची. झुरळांची भीती वाटत असेल तर खोक्याऐवजी झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, आणि वर मुलाचं नाव आणि साल लिहा.